बोट पाण्यात ठेवावी की दारात?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात. त्यांनी सोळा फुटी मोटरबोट घेतली आहे. आठवडाभर ती घराच्या गॅरेजमध्ये ट्रेलरवर बसून असते. शनिवारी गाडीमागे जोडून तळ्यावर न्यायची, दिवसभर फिरवायची आणि संध्याकाळी ओढून परत घरी आणायची. आमचं मूळ गाव दाभोळ. तिथल्या खाडीत होड्या वर्षानुवर्षं पाण्यातच उभ्या असलेल्या मी लहानपणापासून बघत आलो. होडी पाण्यासाठीच बांधलेली असते, मग तिला पाण्यापासून एवढं जपायचं कशाला? निवृत्तीनंतर गावी एक लहान बोट घ्यायचं माझ्याही मनात आहे. ती खाडीत नांगरून ठेवू की जावयांसारखी ट्रेलरवर घालून घरी आणू?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी एक दुरुस्ती करू. दाभोळच्या लहान होड्या वर्षानुवर्षं पाण्यात नसतात. तुम्ही बहुधा दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत गावी जात असणार, म्हणून तसं वाटलं. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्याआधी मेच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावर एकच लगबग उडते. इंजिनं उतरवायची, जाळी घरात न्यायची, होड्या भरतीच्या रेषेच्या वर ओढून घ्यायच्या आणि झापांनी किंवा ताडपत्रीने शाकारून ठेवायच्या. पुन्हा पाणी दिसतं ते नारळी पौर्णिमेच्या आगेमागे. मालवणसारख्या उघड्या किनाऱ्यावर तर लहान होड्या काम संपलं की रोजच्या रोज वाळूवर ओढतात. जावयांकडेही कॅलेंडरच ठरवतं. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात, आणि गोठताना पाणी आकारमानाने सुमारे नऊ टक्के फुगतं. इंजिनात राहिलेलं थोडंसं पाणीसुद्धा आतला धातू तडकवू शकतं. म्हणजे बोट बाहेर काढणं दोन्हीकडे आहे. फरक आहे तो बाकीच्या महिन्यांचा, आणि त्या महिन्यांत बोटीकडे बघतं कोण, याचा.

चालत्या होडीचं पाणी फारसं वाकडं करत नाही. उभ्या होडीला मात्र ते चोवीस तास लागलेलं असतं, आणि त्याची कामं चार बाजूंनी चालू असतात.

पहिलं काम तळाला चिकटणाऱ्या जिवांचं. स्वच्छ तळ खाऱ्या पाण्यात सोडला की काही तासांतच त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू लागतो. मग शेवाळ येतं आणि थोड्याच दिवसांत बार्नेकल. ओहोटीला खडपांवर चालताना पाय सोलवटून काढणारी पांढरी धारदार कवचं म्हणजे हेच. दिसायला शिंपल्यासारखा असला तरी हा प्राणी खेकडा-कोळंबीच्या कुळातला. त्याचं पिल्लू पाण्यात पोहत जागा शोधतं, डोक्याच्या बाजूने स्वतःला चिकटवून घेतं, भोवती कवच बांधतं आणि उरलेला जन्म पाय हलवून अन्न ओढत काढतं. एकदा चिकटला की खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि खरवडल्यावरही बुडाची गोल चकती मागे राहतेच. आपल्याकडचं पाणी बारमाही उबदार, त्यामुळे ही वाढ कधी थांबत नाही. दोन महिने नुसत्या उभ्या राहिलेल्या बोटीचा तळ खवल्यांसारखा खडबडीत होतो. मग तेच इंजिन, तेच पेट्रोल, पण बोट पाण्यावर उचलली जात नाही, नुसती रेटत राहते. इंजिनाला थंड करणारं पाणी ज्या जाळीतून आत जातं, तिथे हे जीव बसले तर इंजिन तापतं ते वेगळंच. यावर तांब्याचा अंश असलेला रंग तळाला देतात. तो दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी बोट बाहेर काढावी लागतेच.

दुसरं काम गंजाचं. आउटबोर्ड इंजिनाचं खालचं घर ॲल्युमिनियमचं असतं, पंख्याचा दांडा आणि कधीकधी पंखाही स्टेनलेस स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडून मिठाच्या पाण्यात बुडवले की वीजघट तयार होतो आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू विरघळू लागतो. म्हणून इंजिनाच्या खालच्या भागावर जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. त्याने स्वतः झिजायचं आणि इंजिन वाचवायचं, एवढंच त्याचं काम. तो अर्धा संपला की बदलायचा, आणि त्याला रंग कधीही लावायचा नाही, नाहीतर तो कामच करत नाही. खाडीत जस्त किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा चालतो. जावयांच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा लागतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर इंजिनाला नळी जोडून पाच-दहा मिनिटं गोडं पाणी फिरवणं हा दुसरा उपाय. ट्रेलरवरच्या बोटीला हे सोपं आहे, कारण नळ दारातच असतो. खाडीत नांगरलेल्या बोटीपाशी गोडं पाणी कुठून आणणार? तिथे निदान इंजिन वर तिरकं करून पाण्याबाहेर ठेवायचं.

तिसरं काम सावकाश चालतं. फायबरची बोट म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. वरचा चकचकीत थर पाणी अडवतो असं आपण समजतो, पण तो पूर्ण अडवत नाही. वर्षानुवर्षं बुडून राहिलेल्या तळात पाण्याचे रेणू झिरपतात, आतल्या विद्राव्य रसायनांना भेटतात आणि तळावर फोड येतात. त्यातला एखादा फोडला तर आंबूस वासाचं पाणी बाहेर येतं. बोट एका दिवसात बुडत नाही, पण तळ पूर्ण वाळायला काही महिने लागतात, तेव्हा कुठे दुरुस्ती करता येते. अधूनमधून बाहेर येणारी बोट या दुखण्यातून बहुतेक सुटते.

चौथं काम वरून येणाऱ्या पाण्याचं, आणि कोकणात यानेच सर्वाधिक घात होतो. जावयांच्या बोटीएवढ्या सोळा फुटी बोटीचा उघडा भाग साधारण आठ चौरस मीटर धरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बोटीत आठ लिटर पाणी. शंभर मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडणं दाभोळकरांना नवलाचं नाही. त्या दिवशी बोटीत आठशे लिटर, म्हणजेच आठशे किलो पाणी साचेल, आणि ते बहुधा बोटीच्या स्वतःच्या वजनाहून जास्त भरेल. पाणी आपोआप फेकणारा पंप बसवता येतो, पण तो बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी नेमकी सलग तिसऱ्या दिवशीच्या पावसात उतरते. रोज सकाळी जाऊन डबा-दोन डबे पाणी उपसणारं माणूस हाच खरा पंप. वाऱ्याचंही तसंच. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा देवगडचं बंदर निवाऱ्याचं समजलं जात असूनही तिथे नांगरलेल्या नौकांचे दोर तुटले, नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. ट्रेलरवरची बोट अशा वेळी दोन तासांत डोंगरापलीकडे नेता येते.

एवढं वाचून ट्रेलरच बरा असं वाटेल. पण ट्रेलर झीज संपवत नाही, ती दुसरीकडे नेतो.

ट्रेलरचं दुखणं चाकांच्या बेअरिंगमध्ये असतं. रस्त्यावरून आल्यावर चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, तापलेला असतो. तसाच ट्रेलर मागे घेऊन पाण्यात बुडवला की आतली हवा एकदम थंड होते, आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढून घेते. ग्रीसचा पांढरट लोणी झालेला गोळा दिसला की समजायचं, पाणी शिरलं. पुढच्या एखाद्या फेरीत बेअरिंग जाम होऊन चाक रस्त्यातच उभं राहतं. म्हणून जाणती माणसं किनाऱ्यावर पोचल्यावर आधी चहा घेतात, हबला हात लावून तो निवल्याची खात्री करतात आणि मगच ट्रेलर पाण्यात घालतात. घरी आल्यावर ट्रेलरला इंजिनाइतकंच गोडं पाणी मारावं लागतं, आणि सांगाडा झिंक चढवलेला नसेल तर दोन हंगामांत त्याचा गंज हाताला लागतो.

दुसरी गोष्ट आधाराची. पाण्यात बोटीचं वजन तळभर सारखं तोललेलं असतं. ट्रेलरवर ते तीन-चार फळ्यांवर किंवा रोलरवर येतं. आधार चुकीच्या जागी आले आणि बोट तशीच वर्षभर बसली तर तळाला पोक येतो. वजन मागेपुढे झालं तरी त्रास होतो. बोट आणि ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हुकवर यायला हवा. तो कमी पडला की वेग घेताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. शिवाय दारात उभ्या बोटीला ऊन खातं, पावसाचं पाणी साचतं आणि उंदीर वायरी कुरतडतात. शाकारणं तिथेही चुकत नाही.

तिसरी गोष्ट उताराची, आणि दाभोळ आणि मिनेसोटा यांच्यातला मोठा फरक इथे आहे. तिथल्या तळ्यांना भरती-ओहोटी नाही. सकाळी आठला जिथे पाणी तिथेच संध्याकाळी सहाला. ठिकठिकाणी काँक्रीटचे उतार बांधलेले आहेत, आणि चांगल्या उताराला शंभर फुटांत बारा ते पंधरा फूट उतरण असते. आपल्या खाडीत ओहोटीला पाणी दूर जातं आणि मध्ये चिखल उघडा पडतो. त्यात गाडीची मागची चाकं गेली की ट्रॅक्टर शोधत फिरा. फेरीबोटीचा धक्का समोर दिसतो, पण तिथे वाहनांची रांग असते. आपल्या बोटीसाठी तो अडवता येत नाही. त्यामुळे ट्रेलरवाल्याला पंचांग बघावं लागतं. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पुन्हा पहाटे तशीच. बोट उतरवायची ती पाणी चढत असताना. चढत्या पाण्यात अडकलात तर तेच पाणी थोड्या वेळाने सोडवतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येऊ. दाभोळचा मच्छीमार होडी पाण्यात ठेवतो आणि ती टिकते, ती का? तो रोज तिच्यावर चढतो. पाणी साचलं तर उपसतो, दोर घासला तर बदलतो, तळ जड वाटला तर उधाणाच्या भरतीला होडी वर घेऊन ओहोटीत खरवडून काढतो. रोज पहाटे जाणाऱ्याला होडी ट्रेलरवर चढवणं-उतरवणं परवडणारही नाही. त्याची होडी पाण्यात ‘ठेवलेली’ नसते, वापरात असते. जावई महिन्यात चार दिवस बोट वापरतात. उरलेले सव्वीस दिवस ती तळ्यात सोडली तर तिच्याकडे बघणारं कोणी नाही. तेव्हा त्यांचंही बरोबर, आणि मच्छीमाराचंही बरोबर.

म्हणून तुमच्यासाठी हिशोब असा. कायम गावी राहणार असाल आणि आठवड्यातून तीन-चारदा तरी खाडीत जाणार असाल, तर ऑक्टोबर ते मे बोट खुशाल पाण्यात ठेवा. दर दीड-दोन महिन्यांनी वर घेऊन तळ बघा. तळाला रंग देताना हळूहळू झिजत जाणारा प्रकार मागा, कारण काही कडक रंग हवेत फार दिवस राहिले की निकामी होतात. जून ते सप्टेंबर बोट दारात, शाकारलेली. पुण्यात राहून सुट्टीपुरते जाणार असाल, तर बोट खाडीत सोडून येऊ नका. ‘लक्ष ठेव रे’ असं शेजाऱ्याला सांगून सोडलेली बोट पहिल्या वळवाच्या पावसात तळाशी बसते. पण म्हणून दर वेळी ती घाटातून ओढत पुण्याला आणायचीही गरज नाही. ट्रेलर घ्या आणि तो गावीच ठेवा. घरापासून खाडीपर्यंतचा किलोमीटर-दोन किलोमीटर एवढाच त्याचा प्रवास. बेअरिंग फार तापत नाहीत, इंजिनाला दारातलं गोडं पाणी मिळतं, आणि वादळाची बातमी आली तर बोट आधीच जमिनीवर असते.

कागदपत्रांचं एक विसरू नका. मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची आरटीओत वेगळी नोंदणी लागते. बोटीची नोंदणी कशी करायची हे महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी विचारून घ्या आणि मगच पैसे मोजा.

प्रश्न : खाडीत बोट नांगरायची तर दोर किती लांब ठेवावा? आखूड ठेवला तर भरतीला नाळ (बोटीचं पुढचं टोक) खाली ओढली जाते, लांब ठेवला तर बोट शेजारच्या होडीवर जाऊन आदळते.
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मोजमाप नेहमी उधाणाच्या भरतीचं घ्यायचं. समजा ओहोटीला दोन मीटर पाणी आहे, उधाणाला ते अडीच मीटर चढतं आणि नाळ पाण्याच्या अर्धा मीटर वर आहे. बेरीज पाच मीटर. नांगराने तळ नीट धरायचा तर याच्या किमान पाचपट, म्हणजे पंचवीस मीटर दोर सोडायला हवा, आणि वारा असेल तर सातपट. दोर लांब असला की नांगरावरची ओढ आडवी येते आणि तो चिखलात रुततो. आखूड असला की ओढ उभी येते आणि तो उपटला जातो. नांगराजवळ काही मीटर साखळी जोडली तर ती आपल्या वजनाने ओढ आडवीच ठेवते. पण पंचवीस मीटर दोर म्हणजे वारा आणि प्रवाह फिरेल तशी बोट पंचवीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरणार. दाटीच्या खाडीत एवढी जागा नसते, म्हणून तिथे नाळ आणि मागची बाजू दोन्हीकडून बांधतात. तेव्हा दोरांना चढउतारापुरती ढील ठेवावी लागते, आणि अमावास्या-पौर्णिमेला एकदा जाऊन बघावं लागतं. दोर बोटीच्या कडेवर जिथे घासतो तिथे वीतभर रबरी पाइप चढवा. बहुतेक दोर मध्ये तुटत नाहीत, तिथेच तुटतात.

प्रश्न : मिनेसोटात मुलाकडे गेलो होतो. तळ्यावरून निघताना त्याने बोटीच्या तळाचं बूच काढून खिशात ठेवलं आणि ‘हा कायदा आहे’ म्हणाला. बूच काढण्याचा कायदा?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : खरंच आहे. बोट रस्त्यावरून नेताना तिचं बूच काढलेलं असावं लागतं, म्हणजे आत साचलेलं पाणी तळ्यापाशीच गळून जातं. कारण आहे झेब्रा मसल नावाचा नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा शिंपला. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राकडचा. जहाजं तोल सांभाळण्यासाठी जे पाणी पोटात भरून घेतात, त्यातून तो अमेरिकेत पोचला. १९८८ मध्ये तो सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि १९८९ मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात. त्याची पिल्लं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, वाटीभर पाण्यातूनही या तळ्यातून त्या तळ्यात जातात. पाणी ओढणारे पाइप तो पार बुजवून टाकतो. ट्रेलरवरून तळ्यातळ्यांत फिरणाऱ्या बोटी हे त्याचं आयतं वाहन झालं. म्हणून तिथे बोट धुवा, रिकामी करा, कोरडी करा, हे मुलांनाही पाठ असतं. आपल्याकडेही असा पाहुणा आहे. अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातला मायटिलॉप्सिस नावाचा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आढळला, पुढे मुंबई बंदरातही. तेव्हा एका खाडीतली बोट दुसऱ्या खाडीत नेताना धुऊन, वाळवून नेलेली बरी. आणि पुन्हा पाण्यात घालण्याआधी बूच लावायला विसरायचं नाही. बोट ट्रेलरवरून सुटल्याबरोबर पाणी भरू लागलं तर सगळ्यात आधी तेच बघा.

प्रश्न : ट्रेलर मागे घेताना तो नेहमी उलट्या बाजूला का वळतो?
(एक वाचक, अलिबाग)

उत्तर : गाडीचा मागचा भाग उजवीकडे सरकला की तो हुकलाही उजवीकडे ढकलतो, आणि हुक उजवीकडे गेला की ट्रेलरचं मागचं टोक चाकांभोवती फिरून डावीकडे जातं. गणित समजून हात वळत नाही, म्हणून एक युक्ती करा. स्टिअरिंग वरून न धरता अगदी खालून धरा. आता हात ज्या बाजूला न्याल, ट्रेलरही त्याच बाजूला जाईल. थोडंसंच वळवायचं, थांबायचं, बघायचं. ट्रेलर गाडीशी काटकोनात येऊ लागला तर हट्ट न करता पुढे जाऊन सरळ करायचा. हा सराव गावच्या मोकळ्या मैदानात आधी करून घ्या. धक्क्यावर, मागे फेरीबोटीची रांग हॉर्न वाजवत असताना, तो जमत नाही.